टोळीला जायच्या आधी

दसरा झाला की मुकादमाची गाडी दारात येईल, मग तुला बोलायला उसंत मिळायची नाही. आत्ताच बस जरा. मागच्या ऊसतोडीच्या हंगामात सारखी उन्हाळी लागायची ना तुला? अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची, आणि तू गोळी गिळून पुन्हा मोळ्या बांधायला उभी. खाडा पडला की पैसे कापतात. उचल घेतलेली असली की दुखणंसुद्धा महाग पडतं, ठाऊक आहे मला.

पण माय, ही जळजळ नुसत्या उष्णतेनं होत नाही. फडात आडोसा नसतो, म्हणून आपण बाया पाणीच पीत नाही, वर लघवी दाबून धरतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात यावर अख्खा अध्याय आहे. अडवू नयेत अशा तेरा वेगांत पहिला लघवीचाच सांगितलाय. तो अडवला की ओटीपोट दुखतं, लघवीला त्रास होतो, हेही तिथंच आहे. डॉक्टर म्हणतात, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. दोन्हीकडून सांगणं एकच निघतं. दोघी-तिघींनी जुनं लुगडं धरा, झाला आडोसा. लाज कसली त्यात!

रात्री झोपताना दोन चमचे धने जाडसर कुटून तांब्यातल्या पाण्यात टाक, पहाटे गाळून पी. पाणी मात्र उकळून गार केलेलंच घे. कोपीवर कुठलं पाणी येतं ते तू बघतेसच. जळजळ असेल तोवर ठेचा, शिळं-आंबट आणि तो सारखा उकळलेला चहा बाजूला ठेव. भाकरीसोबत मुगाचं वरण, दुधी, मिळालं तर ताजं ताक. गंमत बघ, लघवीच्या तक्रारीवर वैद्य तृणपंचमुळाचा काढा देतात, त्यात दर्भाच्या जोडीला उसाचंही मूळ असतं. पण तो वैद्याला विचारूनच. फडातलं मूळ उपटून उकळत बसू नकोस.

आणि थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत दुखलं, लघवीतून रक्त गेलं, तर धन्यावर भागत नाही. लघवी तपासून घ्यायची आणि गोळ्या दिल्यात तेवढ्या सगळ्या संपवायच्या. दिवस गेलेले असतील तर एक दिवसही थांबू नकोस. पांढऱ्याला वास किंवा खाज असेल, तर कधी कधी नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तो कुरकुरेल, कुरकुरू दे.

एवढ्यावर कुणी म्हणालं, ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल’, तर तिथून उठून ये. २०१९ साली आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. किती तरी तुझ्याच वयाच्या. गर्भपिशवी काढून लघवीची जळजळ जात नाही, तो रस्ताच वेगळा. उलट अंडाशयंही गेली तर ऐन उमेदीत हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात. मग कोयता चालवायचा कसा? एकानं सांगितलं म्हणून मान डोलवायची नाही, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं.

या आठवड्यातच अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घेऊ. पोरांना आईकडे ठेव, मी येते सोबत.