खेळणाऱ्या लेकरांना अडवू नका
(पालकांसाठी अभ्यासपाठ)



जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडा. बाबिलोनच्या बंदिवासातून परत आलेल्या, पण अजून पडक्या यरुशलेमातच राहणाऱ्या लोकांना देव तेथे आश्वासन देत आहे. शहर पुन्हा नांदू लागले हे कशावरून ओळखायचे? तटबंदीवरून नाही, बाजारावरून नाही. चौकात काठी टेकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांवरून आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलामुलींवरून (जखऱ्या ८:४-५). आपल्या वाड्यावस्त्यांवर पहिली खूण अजून दिसते, पारावर म्हातारी माणसे बसलेली असतात. दुसरी खूण मात्र कमी होत चालली आहे, असे मला वाटते.

प्रभू येशूनेही खेळणारी मुले पाहिली होती. बाजारात बसलेली, एकमेकांवर रुसलेली मुले त्याने एका दाखल्यात आणली आहेत. आम्ही पावा वाजवला तर तुम्ही नाचला नाहीत, आम्ही रडगाणे गायले तर तुम्ही रडला नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे (मत्तय ११:१६-१७, लूक ७:३२). म्हणजे नासरेथच्या बाजूची मुलेही ‘लग्न-लग्न’ आणि ‘मयत-मयत’ खेळत होती. थांबून, नीट पाहिल्याशिवाय असा दाखला सुचत नाही. आणि शिष्यांनी लेकरांना हाकलले तेव्हा तो रागावला, हे मार्कच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिले आहे (मार्क १०:१३-१६). शिष्यांचा हेतू वाईट नव्हता. गुरुजींचे महत्त्वाचे काम चालले आहे, मध्येच पोरांचा गोंधळ कशाला, एवढेच त्यांना वाटले. आपणही घरात हेच म्हणतो.

आता आपल्या घरात येऊ. ‘खेळ पुरे, आता अभ्यासाला बस’ हे वाक्य दहावीच्या मुलाला म्हटले तर समजू शकते. हल्ली ते साडेतीन वर्षांच्या बाळाला ऐकावे लागते. खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे आपण धरून चाललो आहोत. वस्तुस्थिती उलट आहे. त्या वयात खेळ हाच अभ्यास असतो.

तान्हे बाळ खुळखुळा खाली टाकते. आपण उचलून देतो. ते पुन्हा टाकते. आजी वैतागते. पण बाळ त्रास देत नसते, ते शोध घेत असते. टाकले की आवाज होतो, प्रत्येक वेळी होतो, आणि माणूस प्रत्येक वेळी वाकून उचलून देतो. आठ-नऊ महिन्यांच्या बाळासमोर वाटी फडक्याखाली लपवा, ते फडके ओढून वाटी काढते. दिसत नाही ती वस्तू नाहीशी झालेली नसते, हे त्याला कळू लागले आहे. आई आत गेली तरी ती आहे, परत येणार आहे, हा विश्वास याच्याच जोडीने येतो. दोन-अडीच वर्षांची दोन मुले शेजारी बसवली तर बहुतेक वेळा आपापलेच खेळतात. ती आपमतलबी नसतात. एकत्र खेळणे अजून पुढे यायचे असते.

मग काठीचा घोडा येतो. लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली नेमके हेच उदाहरण घेतले होते. काठी ही काठी आहे हे मुलाला पक्के माहीत असते, तरी तो तिला घोडा म्हणतो. एका वस्तूला दुसऱ्या गोष्टीची खूण मानता येणे ही मोठी उडी आहे. ‘क’ ही नुसती रेघोटी नसून आवाज आहे, हे पुढे शाळेत समजते ते याच ताकदीवर. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. खेळातले मूल स्वतःला जेवढे आवरते तेवढे एरवी आवरत नाही. तुम्हीही पाहिले असेल, भातुकलीत ‘आई’ झालेली चार वर्षांची मुलगी सगळ्यांना चुरमुरे वाटून होईपर्यंत एकही तोंडात टाकत नाही. एरवी तीच डबा रिकामा करते.

म्हणून एवढ्या लहान मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ओळीच्या ओळी गिरवून घेण्याची घाई मला पटत नाही, मग शाळा मराठी असो की इंग्रजी माध्यमाची. लिहिण्यासाठी आधी बोटे तयार व्हावी लागतात. ती माती मळून, शेंगा सोलून, सागरगोटे झेलून तयार होतात.

‘खेळणी परवडत नाहीत’ असे कोणी म्हणेल. या अडचणीवरचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडले आहे. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. ते गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज पालघरमध्ये आहे. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या, जन्म १९१०. लहानपणीच वैधव्य आलेल्या या बाईने पुढचे सारे आयुष्य लेकरांना दिले.

बोर्डीत आणि १९५७ नंतर कोसबादच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये काम करताना त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते. पहिला, मुले शाळेत येत नव्हती. आईबाप कामावर जात, मुले धाकटे भावंड कडेवर घेत नाहीतर गुरांमागे जात. मग बाईंनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे चरतात त्या कुरणावर नेली, ती कुरणशाळा. दुसरा प्रश्न साधनांचा. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग होती. त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, बांबू यांतून साधने केली. मोजायला बिया, लावायला शिंपले, जोडायला पाने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतल्या वाड्यांवर आज ज्या अंगणवाड्या आहेत त्यांच्या मुळाशी बोर्डीचे ते अंगण आहे. आपल्यापैकी किती जण अंगणवाडीकडे फक्त खाऊ मिळण्याची जागा म्हणून पाहतात?

मारिया माँटेसरी स्वतः कॅथलिक होत्या. त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, रोममधल्या गरीब वस्तीत उघडले. दुसऱ्या महायुद्धाची वर्षे त्यांनी भारतातच काढली. गंमत अशी की खेळण्यांबद्दल त्यांना फारसे प्रेम नव्हते. मुलांना दिखाऊ बाहुल्यांपेक्षा खरे काम आवडते, हे त्यांचे निरीक्षण. मला ते निम्मे पटते. भाताच्या लावणीच्या दिवसांत बांधावर बसलेल्या मुलाला चिखल आणि चार रोपे दिली तर तो दुपारभर ‘लावणी’ करतो. पोळपाटावर छोटीशी गोळी लाटणारे मूल रडत नाही. पण चिंध्यांच्या बाहुलीशी ते जे बोलते ते कामात बोलत नाही. रात्री बाप ओरडला असेल तर सकाळी बाहुलीला ओरडा बसतो. आपल्या घराची बातमी कळायची असेल तर भातुकली ऐकावी.

आपल्या भागाला तर देवाने खेळण्यांचे कोठार दिले आहे. दिवाळीत मुले चिखल-दगडांचा किल्ला करतात. समोर खरा राजगड, खरा तोरणा, भोरजवळ रोहिडा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या काढायच्या म्हणजे उतार कळावा लागतो, पाणी कोठून वाहील हे कळावे लागते, आणि अळीव पेरून तीन-चार दिवस वाट पाहावी लागते. दोन महिन्यांनी हीच मुले नाताळची गव्हाणी करू शकतात. पण तेव्हा आपण तयार संच आणून काचेत ठेवतो आणि ‘हात लावू नको’ म्हणतो. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावी गव्हाण मांडली तेव्हा खरा बैल आणि खरे गाढव आणले होते. मुलांना मातीची मेंढरे करू द्या. बेंदूर-पोळ्याचे बैल करणारे हात गव्हाणीतला बैलही करतील, वेडावाकडा का होईना.

पुण्यात आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून त्रिकोण, चौकोन, घरे करून दाखवतात. चौकोन दाबला की लवतो, त्रिकोण लवत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतो हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला बोटांनी कळते. काड्यांची गुलाची टोके आधी मोडून टाका.

एवढे असताना मुलांच्या हातात मोबाईल का जातो? कारण आई एकटी असते. नवरा शिरवळला पाळीवर, सासू शेतावर, चुलीवर भाकरी, आणि बाहेर आपला धो-धो पाऊस. मोबाईल दिला की मूल गप्प बसते. या आईला दोष देणे सोपे आहे, मी देणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये काय सांगितले ते माहीत असावे. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि हालचालीचा खेळ दिवसभरात मिळून किमान तीन तास. मोबाईल बाळाला दाखवतो पुष्कळ, पण खुळखुळा उचलून देत नाही. चुलीपासून लांब दोन डबे, एक पळी, थोडी जुनी झाकणे दिली तर आवाज सोसावा लागेल एवढेच.

थोडे सुरक्षिततेविषयी. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, गोट्या, मणी ठेवू नका, घशात अडकतात. घड्याळात-खेळण्यात असतो तो बटणासारखा सेल गिळला तर आतून जाळतो, क्षणही न दवडता दवाखाना गाठा. जत्रेतले रंग उडणारे स्वस्त खेळणे बाळ तोंडात घालणार हे धरूनच चाला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहून घ्या.

आणि बापांसाठी. दिवंगत पोप फ्रान्सिस आईबापांना वारंवार एकच प्रश्न विचारीत, तुम्ही मुलांबरोबर खेळता का? कामावरून दमून आलेल्या माणसाला हा प्रश्न जड जातो. पण जमिनीवर बसून पंधरा मिनिटे घोडा व्हायला पैसे लागत नाहीत. स्नानसंस्काराला आलेली मोठी बाहुली प्लॅस्टिकसकट शोकेसमध्ये असेल, तर तीही या रविवारी खाली काढा.

वस्तीवरच्या प्रार्थनासभेत हा पाठ वाचाल तेव्हा एवढेच बोला: आपल्या वाडीत सहा वर्षांखालची मुले किती, आणि दुपारी दोन ते पाच ती कोठे असतात?