बॅटरी बदलण्याआधी एक रात्र थांबा

मोटरसायकलची बॅटरी रात्रीत बसते असं कोणी सांगितलं की मी हात जोडून एकच विनंती करतो : आज नवी बॅटरी विकत घेऊ नका. गॅरेजवाला कितीही खात्रीने सांगो, एक रात्र थांबा. आमच्या घरात या दुखण्यापायी पैसे गेले आणि दूधही वाया गेलं, म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

माझा धाकटा भाऊ गडहिंग्लज तालुक्यात राहतो आणि पहाटे गोठ्यातलं दूध मोटरसायकलवरून संस्थेत घालतो. गाडी इंजेक्शनची, किक नसलेली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं तसे बहुतेक मोटरसायकलींचे कार्ब्युरेटर गेले. आता पेट्रोलचा पंपही बॅटरीच्या जोरावर चालतो, त्यामुळे बॅटरी साफ बसली तर गाडी ढकलूनही चालू होणं कठीण. संस्थेचं संकलन मात्र वेळ झाली की बंद होतं आणि उशिरा पोचलेला कॅन तसाच परत घरी येतो.

तालुक्याच्या एका गॅरेजने ‘बॅटरी डेड आहे’ म्हणून नवी बसवली. तीही बसायला लागली, तेव्हा वॉरंटीत बदलून दिली. बदललेलीही बसली. एवढ्या सगळ्यात मीटर कोणीच लावला नव्हता, याचा मला अजून राग येतो.

शेवटी ट्रॅक्टरचं वायरिंग करणाऱ्या एका मामांकडे गाडी नेली. त्यांनी पाना हातात घेण्याआधी हिशेब मांडला. बॅटरीवर ५ एएच लिहिलंय, म्हणजे अर्धा अँपिअर करंट जात राहिला तर ती साधारण दहा तासांत रिकामी होणार. घड्याळ आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचं कंट्रोल युनिट, किल्ली बंद असतानाही थोडा करंट घेतात, पण तो काही मिलीअँपिअरच असतो आणि तेवढ्याने बॅटरी बसायला कित्येक आठवडे लागतात. मोबाईल चार्जर किंवा जीपीएस ट्रॅकर थेट बॅटरीवर जोडला असेल आणि ५० मिलीअँपिअर खात असेल, तरी चार दिवस जातात. गाडी संध्याकाळी ठणठणीत होती आणि पहाटे मेली, तर गळती मोठी आहे किंवा बॅटरीत चार्ज टिकतच नाही. तिसरी शक्यता म्हणजे दिवसा ती भरतच नाही. या तिन्हींतलं काय आहे ते ओळखल्याशिवाय खिशात हात घालू नका.

ओळखायला लागते ती एक रात्र. बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढून दोन-तीन तास तिला तशीच राहू द्या आणि मग व्होल्टेज बघा. लगेच बघितलं तर आकडा फुगलेला दिसतो. चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. मग निगेटिव्हची वायर काढून झोपा. सकाळी आकडा जवळपास तोच असेल तर बॅटरी निर्दोष आहे आणि चोर गाडीत आहे. वायर काढलेली असूनही तो १२.२ च्या खाली गेला, तर बॅटरीच गेली. १०.५ च्या आसपास अडकला असेल तर बहुधा सहापैकी एक सेल मेला आहे, कारण एका सेलचे साधारण दोन व्होल्ट असतात.

दुसऱ्या दिवशी गाडी चालू करून, रेस वाढवून टर्मिनलवर मीटर धरा. १३.५ ते १४.५ यायला हवं. त्याहून कमी म्हणजे चार्जिंग होत नाही, १५ च्या वर म्हणजे बॅटरी करपते आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्या : एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट लागलेलाच असतो. सेल्फ मारून संस्थेपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढ्याशा फेरीत सेल्फने खाल्लेला करंट कसाबसा भरून निघतो. त्यात गळती असली तर बॅटरी कधीच पुरी भरत नाही.

गळती मोजायला किल्ली बंद करा, निगेटिव्हची वायर सोडवा आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर बसवा. लाल वायर त्याच्या १० अँपिअरच्या भोकात घाला. या जोडणीत सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. किल्लीही लावू नका. ईसीयू शांत व्हायला दोन मिनिटं द्या आणि मग वाचा. भावाच्या गाडीत ०.३८ आला. किल्ली बंद असताना!

मामांनी एकेक फ्यूज उपसला, आकडा हलला नाही. तेव्हा त्यांनी चार्जिंग सांभाळणाऱ्या आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटचा कपलर ओढला आणि मीटर शून्याला टेकला. बऱ्याच गाड्यांत हे युनिट किल्लीच्या आधीच बॅटरीला जोडलेलं असतं. त्यामुळे आतले डायोड गळू लागले की किल्ली काढून खिशात ठेवली तरी करंट वाहतच राहतो. युनिटच्या पट्ट्यांमध्ये चिखल आणि शेण वाळून दगड झालं होतं. वारा लागून थंड होणारा हा भाग असा गुदमरला की तापून तापून मरतो. मामांनी मला त्याची एक खूण दाखवली : इंजिन पार गार झाल्यावर, रात्री उशिरा, युनिटला हात लावायचा. गाडी उभी असूनही ते कोमट लागत होतं.

पावसाळ्यानंतर कपलरमध्ये हिरवट थर चढला असेल तर तोही पुसून घ्या, आणि जादा दिव्यांचा रिले बसवला असेल तर तो आधी तपासा. पाना लावताना निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी जोडा. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना चेसीला टेकला तर ठिणगी उडते.

नवं युनिट बसलं तरी आधी मेलेल्या बॅटरीकडे दुर्लक्ष करू नका. पूर्ण बसलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. त्याच दिवशी चार्जिंगला लावा, तेही सावकाश : ५ एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुरतो. घाईत ट्रकच्या बॅटऱ्यांसोबत मोठ्या चार्जरला लावू देऊ नका. वॉरंटीत आलेली भावाची बॅटरी मामांनी अशीच रात्रभर हळूहळू भरून दिली, आणि गाडी अजून तिच्यावरच धावते आहे.