मोज्यात मावेल असं

प्रश्न : नाताळच्या मोज्यात चॉकलेटशिवाय काय ठेवावं? मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चौदाची.
– एक पालक, कळमनुरी

उत्तर : धाकट्यासाठी सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्हची रबरी नळी आणि गूल खरवडलेल्या आगकाड्या. पेराएवढ्या तुकड्याच्या दोन्ही तोंडांत काड्या खोचल्या की सांधा तयार. अशा सांध्यांचा त्रिकोण दाबला तरी ढिम्म हलत नाही. चौकोन मात्र लगेच तिरका होतो. पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या त्रिकोणी का, हे मग सांगावं लागत नाही. अरविंद गुप्तांनी हा खेळ देशभरच्या शाळांत पोचवला.

थोरलीला खेळणं दिलं तर नाक मुरडेल. तिच्यासाठी मनू प्रकाश यांचा कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, घ्यावा. सुमारे १४० पट मोठं दिसतं. पहिला मान कांद्याच्या पापुद्र्याचा. नंतर पाण्याच्या थेंबात चिमूटभर हळद; तुमच्या हिंगोलीत तिला काय कमी!

सोबत ‘श्यामची आई’ही चालेल. ती लिहिणाऱ्या साने गुरुजींचा जन्म नाताळच्या आदल्याच दिवशीचा, २४ डिसेंबर १८९९चा.

लुकलुकणारी स्वस्त खेळणी मात्र टाळावीत. त्यांतली बटणासारखी बॅटरी गिळली गेली, तर अन्ननलिका दोन तासांतही भाजते. शंका आली तरी मुलाला तडक दवाखान्यात न्यावं.