खांद्यावरचा श्वास



समोर घड्याळ ठेवा. शांत बसा आणि एका मिनिटात आपण किती वेळा श्वास घेतो, ते मोजा. तुमचा आकडा बहुधा १२ ते २० च्या दरम्यान येईल. मिनिटाला १५ श्वास धरले, तरी एका दिवसाचे २१,६०० श्वास होतात. एवढे मोठे काम आपण रोज करतो. पण त्याची आपल्याला आठवणही नसते. आपण झोपतो, तेव्हाही ते चालूच असते.

आता एखादा जिना धावत चढून पाहा. छाती धडधडते, तोंडातून शब्द फुटत नाही. याला मराठीत ‘दम लागणे’ म्हणतात. ‘दम’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतही दम म्हणजे श्वास. तुम्हांला लागलेला दम दोन मिनिटांत जातो. काही माणसांना मात्र बसल्या जागी दम लागतो. सदरा घालताना, नमाजासाठी वाकताना, दोन घास खातानासुद्धा त्यांना थांबावे लागते. अशा माणसांना श्वासाची सोबत देणाऱ्या साधनांची माहिती आज आपण घेऊ.

आधी श्वास कसा चालतो, ते समजून घेऊ. फुप्फुसे स्वतः हलत नाहीत. त्यांच्या खाली श्वासपटल नावाचा पातळ, घुमटासारखा स्नायू असतो. तो खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छाती मोठी होते आणि बाहेरची हवा आत येते. लोहाराचा भाता उघडला, की त्यात हवा शिरते ना? तसेच हे आहे. आत आलेल्या हवेतील ऑक्सिजन, म्हणजेच प्राणवायू, फुप्फुसांतून रक्तात जातो.

यात दोन प्रकारचे बिघाड होऊ शकतात. कधी भाता ओढणारे स्नायू दुबळे होतात. कधी स्नायू चांगले असतात. पण फुप्फुसेच खराब झाल्यामुळे पुरेसा ऑक्सिजन रक्तात पोहोचत नाही. पहिल्या रुग्णाला हवा आत ढकलण्यासाठी मदत लागते. दुसऱ्याला जास्त ऑक्सिजन असलेली हवा लागते. काही रुग्णांना दोन्हींची गरज असते.

स्नायू दुबळे करणारा एक भयंकर रोग म्हणजे पोलिओ. १९२८ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी अशा रुग्णांसाठी एक यंत्र तयार केले. ती धातूची मोठी पेटी होती. रुग्णाला पेटीत निजवीत. फक्त डोके बाहेर राही. पेटीतील हवा पंपाने थोडी काढली, की रुग्णाची छाती फुगे आणि नाकातोंडातून हवा आत जाई. या यंत्राला लोक ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणू लागले. त्याने असंख्य जीव वाचवले. पण रुग्ण मात्र पेटीत अडकून पडे. काही रुग्णांच्या डोक्यावर आरसा लावलेला असे. मागे कोण उभे आहे, ते त्यांना त्या आरशातच दिसे.

मग विचार पुढे आला, की सगळ्या शरीराला पेटीत का कोंडावे? फक्त छातीवर बसेल असे कवच केले तर? असे कवच तयार झाले. ते पंपाला नळीने जोडलेले असे. ते अंगावर बांधून काही रुग्ण खुर्चीत बसू शकत. अंगावर घालता येईल अशा श्वासयंत्राच्या दिशेने हे एक महत्त्वाचे पाऊल होते. परंतु ज्यांचा श्वास जवळजवळ थांबलेला असे, त्यांना कवचाची ताकद पुरत नसे.

१९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. तेथील रुग्णालयात एकच लोखंडी फुप्फुस आणि सहा कवचे होती. रुग्ण मात्र दररोज येत होते. श्वास बंद पडलेले बहुतेक रुग्ण दगावत होते. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी वेगळा मार्ग सुचवला. छाती बाहेरून ओढण्याऐवजी हवा आत ढकलायची! १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत त्यांनी नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती मुलगी वाचली.

पण एवढ्या रुग्णांसाठी पिशव्या दाबणार कोण? त्या कामासाठी सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने पुढे आले. ते वैद्यकशास्त्र शिकणारे तरुण होते. ते रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसले. मिनिटामागून मिनिट, तासामागून तास ते पिशवी दाबत राहिले. निम्म्याहून अधिक रुग्ण वाचू लागले. त्या हातांचे काम पुढे यंत्रांनी उचलले. आज रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दिसणारी श्वासयंत्रे याच मार्गाने आली. भारतात पोलिओवर लसीने विजय मिळवला. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

यंत्रे हळूहळू लहान होत गेली. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी नाकावरच्या मुखवट्यातून सतत दाबाची हवा देण्याची पद्धत जगापुढे मांडली. ती झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांसाठी होती. पुढे अशाच मुखवट्यातून दुबळ्या स्नायूंच्या रुग्णांनाही श्वास देता येऊ लागला. गळ्याला छिद्र पाडण्याची गरज अनेकांना उरली नाही. आज काही रुग्ण बॅटरीवर चालणारे श्वासयंत्र चाकांच्या खुर्चीला लावून शाळेत आणि कचेरीत जातात.

आता दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांकडे वळू. विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, दगडखाणीतील बारीक धूळ, क्षयरोगाचे व्रण यांमुळे फुप्फुसे कमकुवत होतात. मालेगाव, भिवंडी या गावांत यंत्रमाग घरोघर ऐकू येतात. कापसाचा बारीक तंतू वर्षानुवर्षे छातीत गेला, तर तोही त्रास देतो.

ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन फार कमी असतो, अशा दीर्घ आजारी रुग्णांनी दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन घेतला, तर त्यांचे आयुष्य वाढते. हे १९८० आणि १९८१ साली झालेल्या अभ्यासांतून दिसून आले. पण १५ तास माणसाने सिलिंडरजवळ बसूनच राहायचे का? म्हणून खांद्याला अडकवता येणारे यंत्र आले. ते सुमारे दोन-तीन किलो वजनाचे असते. ते भोवतालची हवा ओढून घेते. आतील झिओलाइटचे दाणे हवेतील नायट्रोजन धरून ठेवतात आणि बराचसा शुद्ध ऑक्सिजन बारीक नळीने नाकाशी येतो. रुग्णाने श्वास घ्यायला सुरुवात केली, की यंत्र ते ओळखते आणि त्याच क्षणी ऑक्सिजन सोडते.

हे यंत्र फुप्फुसे बरी करत नाही. ते आधार देते. ते बॅटरीवर चालते, म्हणून बॅटरी भरलेली ठेवावी लागते. वीज गेली तर काय करायचे, हे घरच्यांनी आधीच ठरवावे. ऑक्सिजनमुळे आग झपाट्याने भडकते. म्हणून जवळ विडी, काडेपेटी, शेगडी किंवा उदबत्ती नको. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त फायदा, असे नाही. काही रुग्णांना तो अपायही करतो. डॉक्टरांनी ठरवलेले प्रमाण आपण बदलू नये.

मित्रांनो, समजा, तुमच्या मोहल्ल्यातील एक चाचा असे यंत्र वापरतात. यंत्र चांगले आहे. बॅटरीही भरलेली आहे. तरी ते घराबाहेर पडत नाहीत. का? कारण नाकातील नळीकडे मुले टक लावून पाहतात, कोणी हसते, कोणी रोग लागेल म्हणून दूर सरकते. नळी पाहून आजार संसर्गजन्य आहे, असे कधीही ठरवू नका. चष्मा लावणाऱ्याला आपण हसत नाही. चष्मा डोळ्यांना मदत करतो, तशी ही नळी श्वासाला मदत करते.

लोखंडी पेटीतून माणसाला बाहेर काढायला शास्त्रज्ञांना अनेक वर्षे लागली. आपल्या नजरेने त्याला पुन्हा घरात कोंडू नका. चाचा दिसले, की पुढे होऊन सलाम करा. त्यांच्या हातातील पिशवी घ्या. त्यांच्याबरोबर चालताना आपली पावले थोडी हळू टाका. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी श्वास दिला. तुम्ही सोबत द्या.

शब्दार्थ

भाता – विस्तवाला हवा देण्याचे लोहाराचे साधन
कवच – शरीराच्या रक्षणासाठी अंगावर घालायचे आवरण
साथ – एकाच वेळी अनेकांना होणारा रोग
दगावणे – मरण पावणे
पाळीपाळीने – एकामागून एक, वेळ वाटून घेऊन
अपाय – नुकसान
संसर्गजन्य – एकापासून दुसऱ्याला होणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) श्वासपटल कोठे असते?
(आ) लोखंडी फुप्फुसात रुग्णाचा कोणता अवयव बाहेर राही?
(इ) ऑक्सिजनच्या यंत्राजवळ कोणत्या वस्तू नेऊ नयेत?

२. कारणे लिहा.
(अ) कोपनहेगनमध्ये विद्यार्थ्यांची मदत घ्यावी लागली.
(आ) चाचा यंत्र असूनही घराबाहेर पडत नाहीत.

३. अर्थ समजून घ्या व वाक्यात उपयोग करा.
दम लागणे, दम धरणे, दम देणे. यांतील कोणते प्रयोग उर्दूतही आहेत, ते वर्गात सांगा.

४. उपक्रम
घरातील मोठ्या माणसांच्या कामाच्या जागी धूर किंवा धूळ असते का, ते विचारा. ती कमी करण्याचे दोन उपाय वहीत लिहा.