दोन स्विचमध्ये दोन केबल: पोर्ट ट्रंकिंग करताना माझी झालेली चूक

व्हिडिओत सेटिंग दाखवलं, पण माझी स्वतःची चूक सांगायची राहून गेली. तुमच्यापैकी जे नेटवर्किंगची कामं घेतात त्यांनी ती आधी वाचा, कोटेशन नंतर द्या.

पंचवटीत आमच्या दुकानाजवळ लग्नाचे अल्बम बनवणारा एक स्टुडिओ आहे. खाली सहा डिझायनर बसतात, वरच्या मजल्यावर सगळे फोटो साठवलेला नॅस. दोन्हीकडे एकेक गिगाबिट मॅनेज्ड स्विच आणि मध्ये एकच केबल. लग्नसराईत फाइल उघडायला वेळ लागायचा. मी म्हटलं, "दुसरी केबल टाकू काका, स्पीड डबल!" काकांनी लगेच ॲडव्हान्स दिला.

मी आधी केबल लावली, म्हटलं सेटिंग सावकाश करू. त्या स्विचवर एसटीपी बंद होतं. म्हणजे दोन केबलचा लूप झाला, ब्रॉडकास्ट गोल गोल फिरत राहिले आणि सगळं नेटवर्क ठप्प. सहाही मशीन अडकले. केबल उपटली तेव्हा सुटलं. एसटीपी चालू असतं तर ठप्प झालं नसतं, पण त्याने एक केबल ब्लॉक करून नुसती शोभेला ठेवली असती. साध्या अनमॅनेज्ड स्विचवर तर हा प्रयोग करूच नका.

मग नीट ट्रंक केला. काकांनी एक मोठा फोल्डर कॉपी करून बघितला, तर स्पीड तोच, सेकंदाला साधारण ११० एमबी. "पैसे दोन केबलचे घेतले, आणि गाडी तेवढीच पळतेय?"

काका बरोबर होते. नाशिकहून पंचवटीत यायला होळकर पूल आहे, गाडगे महाराज पूल आहे. पूल कितीही असले तरी तुमची एक स्कूटर एका वेळी एकाच पुलावरून येणार. ट्रंकचंही तसंच आहे. स्विच पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक किंवा आयपी ॲड्रेस बघून हिशोब करतो आणि ती जोडी एका केबलवर टाकतो. पॅकेट मागेपुढे होऊ नयेत म्हणून असं करतात. गर्दी असेल तर ती वाटली जाते, एका गाडीचा वेग वाढत नाही. आणि एक पूल बंद पडला तर लोक दुसऱ्यावरून जातात, तो फायदा वेगळा.

खरी गोची पुढे होती. नॅसला स्वतःला एकच केबल होती! म्हणजे दोन पूल ओलांडून सगळे एकाच बोळात शिरत होते. नशिबाने त्याला दोन लॅन पोर्ट होते. तेही ट्रंक केले, स्विचवर हिशोबाची पद्धत 'सोर्स आणि डेस्टिनेशन' दोन्ही बघणारी ठेवली. नुसतं डेस्टिनेशन ठेवलं असतं तर नॅसकडे जाणारं सगळं एकाच केबलवर गेलं असतं. आता दोन-तीन जण एकदम फाइल सेव्ह करतात तेव्हा फरक जाणवतो. या दुसऱ्या फेरीचे पैसे मी घेतले नाहीत.

आता काम कसं करायचं ते. दुसरी केबल बाहेरच ठेवा. दोन्ही स्विचच्या मेन्यूत लॅग, लिंक ॲग्रिगेशन, ट्रंक, नाहीतर इथरचॅनल असं काहीतरी दिसेल, नाव कंपनीप्रमाणे बदलतं. गोंधळ एवढाच की सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारा पोर्ट, त्यामुळे नाव नाही, काम बघा. ठरवलेले पोर्ट एका ग्रुपमध्ये घ्या. सगळ्यांचा स्पीड आणि व्हीलॅन सारखाच हवा. मोड एलएसीपी निवडा, निदान एका बाजूला ॲक्टिव्ह ठेवा. दोन्हीकडे पॅसिव्ह ठेवलंत तर दोघे 'पहले आप' करत बसतील. स्टॅटिक मोडही चालतो, पण त्यात समोरच्याने चुकीचा पोर्ट घेतला तर कोणी सांगत नाही. एलएसीपीमध्ये स्विच एकमेकांची हजेरी घेतात, स्लोला ३० सेकंदांनी, फास्टला दर सेकंदाला. सेटिंग सेव्ह करा, मगच दुसरी केबल लावा.

खरेदी करताना खोक्यावर ८०२.३ एडी किंवा ८०२.१ एएक्स बघा. पहिलं २००० सालचं स्टँडर्ड, तेच २००८ मध्ये दुसऱ्या नंबराखाली गेलं.

शेवटी चाचणी. एका मशीनवरून पिंग चालू ठेवा आणि मालकासमोर एक केबल काढा. एखाद-दुसरा पिंग चुकून पुन्हा सुरू झालं पाहिजे. मग ती लावून दुसरी काढा. ही दुसरी फेरी लोक विसरतात.

आणि हो, कोटेशनच्या आधी पोर्टचा स्पीड तपासा. बऱ्याच दुकानांत जुन्या केबलची एक जोडी तुटलेली असते आणि लिंक १०० एमबीपीएसवर चालत असते. तिथे ट्रंकिंग विकू नका, नवीन केबल टाका आणि तेवढंच बिल करा.