प्लेट वाकली कशाने?

उचगावच्या उत्तरेला शिरोली, दक्षिणेला गोकुळ शिरगाव. दोन्हीकडे औद्योगिक वसाहती. तिथल्या यंत्रशाळेत हा प्रकार तुम्ही कदाचित पाहिला असेल: लाटून केलेली ॲल्युमिनियमची जाड प्लेट मिलिंग मशीनवर एका बाजूने तासून सपाट केली आणि व्हाइस सैल करताच ती वाकली. दोष बहुधा कारागिराला लागतो, पण तो त्याचा नसतो.

घरीच करून पाहा. सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या सारख्याच ताणून पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना चिकटवा. पुठ्ठा सरळ राहतो. एक पट्टी कापा. तो लगेच दुसऱ्या पट्टीकडे वळतो. प्लेटच्या पोटात अशीच ओढाताण दडलेली असते. कठीण करण्यासाठी ती तापवून पाण्यात बुडवली, की वरची साल आधी थंड होते आणि गाभा मागाहून आकसतो. साल दाबलेली, गाभा ताणलेला! एका बाजूची साल तासली की तोल गेलाच. (ताणून हा दोष पुष्कळ कमी केलेल्या लाटीव प्लेटाही मिळतात.)

'टूलिंग प्लेट' ओतीव असते. ओतल्यावर ती पुन्हा तापवून सावकाश निववतात, त्यामुळे ताण बराच ओसरतो. मग दोन्ही बाजू तासूनच विकतात. जिग-फिक्स्चरसाठी हीच घ्यावी. वाकवायची असेल किंवा मोठा भार पेलायचा असेल, तर मात्र लाटीवच बरी.

घेताना वजनाचा हिशेब करा. ३००×२००×२० मिमी म्हणजे १२०० घन सेंमी. घनता सुमारे २.७, म्हणून वजन ३.२४ किलो. आणि मापे घेण्यापूर्वी प्लेट निवू द्या. ५०० मिमी लांबी २० अंशांनी तापली तर सुमारे ०.२३ मिमी वाढते. तापल्या प्लेटवर पाडलेली भोके निवल्यावर जवळ सरकतात.