‘नादखुळा’ : एका बोलीशब्दाचे अर्थांतर

एखाद्या गोष्टीत मनापासून रमणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. हौशी, शौकीन, दर्दी, छांदिष्ट, नादिष्ट असे कितीतरी. मात्र या शब्दांना सारखी प्रतिष्ठा लाभलेली नाही. ‘दर्दी’ला संगीताच्या मैफलीत मानाचे स्थान आहे. अरबी-फारसीतून आलेल्या ‘हवस’ला उर्दूत वासनेचा दर्प येतो, मराठीत मात्र त्याची निरागस ‘हौस’ झाली, आणि ‘हौशी रंगभूमी’ म्हणताना कोणालाही संकोच वाटत नाही. ‘नाद’ शब्दाचा प्रवास याहून वळणावळणाचा आहे. कोल्हापूर परिसरातील ‘नादखुळा’ या शब्दाच्या निमित्ताने तो येथे पाहावयाचा आहे.

संस्कृतात नाद म्हणजे ध्वनी. त्याला आसक्तीचा अर्थ कसा चिकटला असावा? भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले त्यांत हरिणही आहे. पारध्याच्या गीताला भुलून ते जाळ्यात सापडते. एकनाथांनी या स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीस पूर्ण केली, आणि कीर्तन-प्रवचनांतून हा दृष्टांत गावोगाव गेला. ध्वनी, ध्वनीची भूल आणि मग कोणतीही भूल, असा अर्थविस्तार येथे संभवतो. माझ्या मते ‘नादी लागणे’ या वाक्प्रचारातील निंदेची छटाही याच वाटेने आली असावी. जुगाराच्या नादी लागतात, ज्ञानेश्वरीच्या नादी लागला असे आपण सहसा म्हणत नाही. (‘नादार’चा या कुळाशी संबंध नाही. तो फारसी शब्द असून त्याचा अर्थ ‘जवळ काही नसलेला’ असा आहे. नादापायी नादार झालेली माणसे आढळतात, ही गोष्ट वेगळी.)

‘नादखुळा’ हा मुळात तत्पुरुष समास : नादाने खुळा झालेला. कुस्ती, बैल, कबुतरे, फुटबॉल यांपायी घरदार विसरणारा तो नादखुळा. येथे विशेषण माणसाचे आहे, आणि ते लिंगानुसार बदलते : नादखुळा गडी, नादखुळी पोर. शब्दात दूषण आहे, पण त्याला कौतुकाची किनार आहे.

आजचा प्रयोग पाहा. ‘मिसळ एकदम नादखुळा!’, ‘गाडी नादखुळा पळते’. मिसळ स्त्रीलिंगी, तरी ‘नादखुळी’ होत नाही. दुसऱ्या वाक्यात तर शब्द क्रियाविशेषण झाला आहे. विशेषण आता माणसाचे उरले नाही. ज्या वस्तूने माणूस खुळा होतो त्या वस्तूकडे ते सरकले आहे. रूप गोठण्याचे कारण काय? मूळ पुल्लिंगी रूपच उद्गारवाचक होऊन स्थिरावले, असे एक स्पष्टीकरण देता येईल. मला दुसरे अधिक पटते. अनेक जण हा शब्द ‘नाद खुळा’ असा तोडून लिहितात व उच्चारतात. तोडताच समास मोडतो आणि ‘(हा) नाद खुळा (आहे)’ असे क्रियापदरहित वाक्य उरते. त्यात ‘खुळा’चा मेळ पुल्लिंगी ‘नादा’शी बसतो, मिसळीच्या लिंगाशी त्याला कर्तव्य नाही. ‘लेखनातील चूक’ म्हणून आपण उत्तरपत्रिकेत जे तोडणे लाल शाईने सुधारतो, त्यातच अर्थांतराचा पुरावा दडलेला असू शकतो.

याच सुमारास ‘नाद’ही निंदेतून बाहेर पडलेला दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. या शर्यतींच्या फलकांवर ‘नाद एकच’ ही अक्षरे मिरवतात. तेथे नाद म्हणजे व्यसन नव्हे, तो परंपरेचा अभिमान आहे. ‘आमचा नाद करायचा नाय’ यात तर माणूस नादाच्या आहारी जात नाही. तोच इतरांना बजावतो की आमच्या वाटेला जाऊ नका. एकाच शब्दाने आसक्ती, अभिमान आणि आव्हान अशी तीन कामे करावीत, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या क्रियापदाच्या आधाराने करावीत (नाद लागणे, नाद असणे, नाद करणे), हे लक्षणीय आहे.

म्हणून कोशात ‘नादखुळा’ची एकच नोंद पुरणार नाही. विकारी विशेषण ‘नादखुळा, -ळी, -ळे’ आणि अविकारी उद्गार ‘नाद खुळा’ अशा दोन स्वतंत्र नोंदी कराव्या लागतील. ‘नाद करणे’ हा वाक्प्रचार ‘नादी लागणे’च्या पोटात न ढकलता निराळा द्यावा लागेल.